इंद्रियांना झेपेल असा दिवस: वेगळ्या संवेदनांच्या मुलाला थीम पार्कमध्ये नेताना

आवाज, उजेड, स्पर्श किंवा गती ज्या मुलाला इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार क्षीण जाणवते, त्या मुलाला थीम पार्कमध्ये नेताना तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत हा हिशेब पालकांनी घरातून निघण्यापूर्वीच सोडून द्यावा. माझ्या मुलाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे. तो सहा वर्षांचा असताना आम्ही त्याला पहिल्यांदा एका मोठ्या पार्कमध्ये नेले, तेव्हा तो फिरत्या घोड्यांच्या पाळण्यासमोर पाऊण तास उभा राहून छताखालचे दांडे वरखाली होताना पाहत होता आणि मनापासून खूश होता. चार तिकिटे काढली आहेत आणि अजून एकही मोठी राइड झालेली नाही, या विचाराने मी त्याला तिथून ओढून एका लांब रांगेत नेले. विसाव्या मिनिटाला तो जमिनीवर पडून किंचाळत होता आणि पुढचे दोन दिवस त्याने धड जेवण केले नाही. त्याला हवे ते त्या पाळण्यापाशीच मिळाले होते, हे मला फार उशिरा कळले. त्यानंतर आम्ही त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या, म्हणजे रोजची कामे आणि संवेदना सांभाळायला मुलाला शिकवणाऱ्या तज्ज्ञाच्या, मदतीने जी तयारी करत गेलो, ती इथे लिहिते आहे. उदाहरण म्हणून खोपोलीजवळचे इमॅजिका घेतले आहे, कारण २०१३ साली सुरू झालेले हे पार्क मुंबई आणि पुणे या दोन्ही बाजूंच्या कुटुंबांना एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे.

आधी मूल नीट लिहून काढावे

शाळेत पाच ज्ञानेंद्रिये शिकवतात, पण थीम पार्कमध्ये सर्वाधिक ताण पडतो तो आणखी दोन संवेदनांवर. कानाच्या आतल्या भागातील तोल सांभाळणारी यंत्रणा डोके कोणत्या दिशेला आणि किती वेगाने हलते आहे हे मेंदूला सांगत असते, आणि स्नायू व सांधे यांच्याकडून शरीराची स्थिती व त्यावर पडणारा दाब कळत असतो. याखेरीज भूक, तहान, लघवी लागणे, अंग तापणे अशा आतल्या खुणा ओळखणे हीसुद्धा एक संवेदनाच आहे. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी १९७० च्या दशकात मेंदू या सर्व संवेदनांची सांगड कशी घालतो याची मांडणी केली. आज आपल्याकडच्या थेरपी केंद्रांत जे झोपाळे, मोठे चेंडू आणि वजनदार उशा दिसतात, ते त्याच विचारातून आलेले आहे.

पालकांची गफलत होते ती मुलावर एकच शिक्का मारल्यामुळे. एकच मूल एका संवेदनेपासून पळते आणि दुसरीच्या मागे धावते. सोफ्यावरून दिवसभर उड्या मारणारे आणि गोल गोल फिरूनही चक्कर न येणारे मूल स्वच्छतागृहातील हात वाळवण्याच्या यंत्राच्या आवाजाने थरथर कापू शकते. म्हणून जाण्याच्या महिनाभर आधी एका वहीत घरातल्या ओळखीच्या प्रसंगांवरून नोंदी कराव्यात. मिक्सर सुरू झाला की मूल काय करते, कुकरची शिट्टी होण्याआधीच कानांवर हात जातात का, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा किती अंतरावरून सहन होतो, अचानक वीज गेल्यावर काय होते, झोक्यावर पाय जमिनीवरून सुटले की चेहरा कसा होतो, लिफ्ट सुरू होताना ते कशाला धरते, केस कापताना मानेला झालेला स्पर्श चालतो का. यांतली प्रत्येक नोंद पार्कमधल्या कुठल्या ना कुठल्या गोष्टीशी थेट जुळते. ज्या मुलाला पाय अधांतरी झाले की जीव जाईल असे वाटते, त्याच्यासाठी आकाशात नेणारी संथ राइडही भयंकर असते. उलट, अंगावर घट्ट दाब आवडणाऱ्या मुलाला छातीवर बसणारा जाडजूड पट्टाच दिवसातली सर्वांत सुखाची गोष्ट वाटू शकते.

याच टप्प्यावर डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. मुलाला पूर्वी आकडी आली असेल, तर लुकलुकणारे दिवे आणि वेगवान राइड याबद्दल मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये अपस्माराचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक असते. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, त्यामुळे मानेला हिसके देणाऱ्या राइड त्यांना धोक्याच्या ठरू शकतात. इथे अंदाजावर चालू नये.

दिवस कोणता निवडावा

शनिवार, रविवार, दिवाळीची व नाताळची सुट्टी आणि मे महिना टाळावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण आडवारी गेलो म्हणजे गर्दी नसेल असे धरून चालणेही चुकीचे आहे, कारण दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत शाळांच्या सहली आडवारीच येतात, आणि एकाच गणवेशातली दोनशे मुले एका सुरात घोषणा देत रांगेत उभी राहिली की तो दिवस आपल्या मुलासाठी हातचा गेलाच म्हणून समजावे. माझ्या मते फेब्रुवारीतला मंगळवार किंवा बुधवार सर्वांत चांगला, कारण तोपर्यंत सहली आटोपलेल्या असतात, घरोघरी परीक्षांचे वारे सुरू झालेले असतात आणि उन्हाचा कडाका अजून वाढलेला नसतो. तरीही आदल्या आठवड्यात फोन करून त्या दिवशी शाळांचे किती गट येणार आहेत आणि कोणत्या राइड दुरुस्तीसाठी बंद आहेत, हे विचारावे. ज्या राइडची चित्रे मूल तीन आठवडे पाहत आले आहे, तिच्यासमोर ‘बंद’ अशी पाटी दिसणे हा त्याच्यासाठी मोठा धक्का असतो. पावसाळ्यात खोपोलीला घाटाच्या पायथ्याचा जोरदार पाऊस लागतो, उघड्यावरच्या राइड मध्येच थांबवाव्या लागतात आणि ओले कपडे अंगाला चिकटतात, म्हणून पहिली भेट त्या महिन्यांत ठेवू नये.

प्रवासाचाही विचार करावा लागतो. मुंबईकडून येताना द्रुतगती मार्गावर भाताण आणि माडप हे बोगदे लागतात, तिथे उजेड एकदम बदलतो आणि गाडीचा आवाज घुमतो. पुण्याकडून येणाऱ्यांना सह्याद्री उतरून यावे लागते, कानांत दडे बसतात, आणि ज्या तोलाच्या यंत्रणेला पार्कमध्ये दिवसभर काम करायचे आहे तिची शक्ती तिथेच खर्ची पडते. म्हणून पोहोचल्याबरोबर प्रवेशद्वाराकडे धावू नये. गाडी लावून अर्धा तास सावलीत बसावे, पाणी द्यावे, मुलाला हवे असेल तर अंग दाबून द्यावे. परवडत असेल तर आदल्या रात्री जवळपास मुक्काम करावा. एका दिवसात प्रवास आणि पार्क दोन्ही उरकण्यापेक्षा हा खर्च अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

चित्रगोष्ट आणि रंगीत तालीम

अनोळखी जागेची भीती कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ती जागा आधी ओळखीची करणे. राइडमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी टिपलेल्या चित्रफिती इंटरनेटवर सहज मिळतात. त्या पहिल्या आठवड्यात आवाज बंद करून, मग अगदी हळू आवाजात आणि शेवटी नेहमीच्या आवाजात दाखवाव्यात. त्यांतली चित्रे छापून सात-आठ पानांची एक चित्रगोष्ट तयार करावी आणि ती रोज झोपण्यापूर्वी वाचावी. वाक्ये छोटी, खरी आणि मुलाच्या घरच्या बोलीतली असावीत. आमच्या गोष्टीत अशी वाक्ये होती: ‘दारावर काका माझी पिशवी बघतात. काकांच्या हातातले यंत्र टीं वाजते. मग आपण आत जातो. रांगेत थांबावे लागते. रांग पुढे सरकते. मला नको असेल तर मी नको असे कार्ड दाखवतो. मग आपण बाहेर येतो.’ यातले शेवटचे वाक्य कधीही गाळू नये. ‘आपण राइडमध्ये बसणार’ असे वचनही देऊ नये. ‘आपण बसू किंवा बघू’ असेच लिहावे, म्हणजे न बसणे हे मुलाला अपयश वाटत नाही.

पुस्तकातली ओळख शरीराच्या ओळखीत उतरण्यासाठी छोट्या जागी तालीम घ्यावी. पुण्यातल्यांनी पेशवे उद्यानातल्या फुलराणीने सुरुवात करावी. १९५६ साली सुरू झालेली ही छोटी आगगाडी संथ आहे, तिची फेरी लवकर संपते, आणि तिकीट, रांग, बसणे, उतरणे हा सगळा क्रम तिथे लहान प्रमाणात अनुभवता येतो. गावच्या जत्रेतला पाळणाही चालेल, पण तिथे दुपारी, कर्णे सुरू होण्याआधी जावे.

पिशवीत काय असावे

कान पूर्ण झाकणारे, आवाज अडवणारे हेडफोन ही पहिली वस्तू. चांगल्या प्रतीचे असल्यास ते आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने कमी करतात. ते आयत्या वेळी विकत घेऊन मुलाच्या डोक्यावर चढवू नयेत, कारण डोक्यावरचा दाबच त्याला सहन न होण्याची शक्यता असते. तीन आठवडे आधीपासून घरात रोज पाच-दहा मिनिटे घालून सवय करावी. वेगवान राइडवर सुट्या वस्तू नेऊ देत नाहीत, त्यामुळे हेडफोन काढावे लागतील हे गृहीत धरावे, आणि त्यांच्याशिवाय जे मूल राहू शकत नाही त्याच्यासाठी त्या राइड यादीतूनच वगळाव्यात. उन्हाची टोपी, गडद चष्मा, चावायला थेरपिस्टने सुचवलेली वस्तू, हातात घोळवायला ओळखीचे खेळणे, नेहमीच्या वासाचा रुमाल किंवा दुलई, आणि दोन जोड मऊ, लेबल कापलेले कपडे एवढे बरोबर घ्यावे.

खाण्याचा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागतो. बहुतेक पार्कांमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, आणि आपल्या मुलांपैकी अनेक जण चार-पाच ठरावीक पदार्थांपलीकडे काहीच खात नाहीत. म्हणून आठ-दहा दिवस आधी पार्कला ईमेल लिहून, डॉक्टरांचे पत्र जोडून, डबा नेण्याची परवानगी लेखी मागावी आणि आलेल्या उत्तराची छापील प्रत दारावर दाखवावी. त्याच ईमेलमध्ये रांगेबाबत काही सवलत आहे का, शांत बसण्याची खोली किंवा प्रथमोपचाराची जागा कुठे आहे, हेही विचारून घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत आणि ऑटिझम हा त्यांपैकी एक आहे. मुलाचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांसाठीचे सरकारी ओळखपत्र, काढलेले असेल तर मूळ कार्ड आणि त्याची प्रत बरोबर ठेवावी. हे मागताना संकोच करू नये. चालता न येणाऱ्या मुलासाठी चाकाची खुर्ची मागण्यात जसे वावगे काही नाही, तसेच उभे राहता न येणाऱ्या मज्जासंस्थेसाठी कमी रांग मागण्यातही नाही.

मूल दिसायला इतरांसारखेच असते, त्यामुळे कर्मचाऱ्यांना काही कळत नाही. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ साली न दिसणाऱ्या अडचणी असलेल्या प्रवाशांसाठी सूर्यफुलांची हिरवी पट्टी गळ्यात घालण्याची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे अनेक देशांत गेली. परदेशातल्या मराठी कुटुंबांनी ती जरूर वापरावी. आपल्याकडे मात्र समोरच्याला ती खूण माहीत असेलच असे धरून चालू नये. स्वतः पुढे होऊन एका वाक्यात सांगावे: ‘दादा, याला अचानक केलेला स्पर्श सहन होत नाही, मी याच्या खिशातले सगळे तुम्हाला दाखवते.’ दारावरची झडती ही दिवसातली पहिली परीक्षा असते, आणि असे आधीच सांगितल्यावर बहुतेक सुरक्षारक्षक समजून घेतात. मनगटावर बांधायची कागदी किंवा प्लास्टिकची पट्टी टोचत असेल, तर ती मोज्यावर किंवा पिशवीच्या पट्ट्याला बांधू देतील का, तेही तिथेच विचारावे.

राइड निवडताना

आत शिरल्यावर पहिली फेरी नुसती पाहण्यासाठी मारावी. शांत कोपरे, सावलीतले बाक, हात वाळवण्याचे यंत्र नसलेले स्वच्छतागृह आणि मुख्य रस्त्यापासून दूरचे उपाहारगृह हेरून ठेवावे.

राइडचे वर्गीकरण ‘लहानांच्या’ आणि ‘मोठ्यांच्या’ असे न करता ती कोणत्या संवेदनेवर भार टाकते त्यावरून करावे. इमॅजिकातील नायट्रो ही उघड्यावरची रोलर कोस्टर आहे. ती भीतिदायक दिसते, पण तिचा सगळा मार्ग बाहेरून दिसतो, त्यामुळे गतीची ओढ असलेल्या मुलाला पुढे काय होणार हे आधी कळते. डीप स्पेस अंधारात धावते, आणि काही दिसत नसताना आलेला हिसका हा पूर्णपणे वेगळा अनुभव असतो. सलीमगढसारख्या भुताखेतांच्या राइडमध्ये अंधार आणि अचानक आवाज हाच सगळा खेळ असतो. आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला तिथे नेऊ नये, मग भावंडे कितीही आग्रह करोत. मिस्टर इंडियासारख्या, पडद्यासमोर खुर्च्या हलवणाऱ्या राइडमध्ये डोळे एक सांगतात आणि कानातली तोलाची यंत्रणा दुसरेच सांगते. गाडी लागणाऱ्या मुलांना तिथे हमखास मळमळते. आय फॉर इंडियामध्ये पाय अधांतरी राहतात. राजासॉरसमध्ये डायनासोर गरजतात आणि पाणी अंगावर येते, म्हणून ओल्या कपड्यांचा स्पर्श सहन न होणाऱ्यांनी कोरडे कपडे हाताशी ठेवूनच तिथे जावे. टबी टेक्स ऑफचे हत्ती किंवा फिरते घोडे सुरुवातीला बरे, कारण त्यांची गती एकसारखी असते आणि फेरी कधी संपणार हे मुलाला दोन वेळा पाहिले की समजते.

प्रत्येक राइड बसण्यापूर्वी बाहेरून दोनदा पूर्ण पाहावी. मुलाने ‘नको’ म्हटले तर ते एकदाच ऐकून निघावे. त्याला तीच राइड सहा वेळा हवी असेल तर सहा वेळा बसू द्यावे, मात्र गरगर फिरणाऱ्या राइडच्या बाबतीत दोन फेऱ्यांनंतर थांबवावे. गतीची भूक असलेल्या मुलाला चक्कर आलेली तेव्हा कळत नाही, पण तिचा परिणाम कित्येक तास राहतो आणि संध्याकाळी अस्वस्थपणा किंवा उलटी होते. फिरण्यानंतर दाबाचे काम द्यावे: पिशवी उचलणे, भिंत ढकलणे, घट्ट मिठी.

रांगेत एक मोठा माणूस उभा राहील आणि दुसरा मुलाला जवळच फिरवत ठेवील, अशी वाटणी करता येते का ते कर्मचाऱ्यांना विचारावे. त्यासाठी, आणि इतरही कारणांसाठी, किमान दोन मोठी माणसे हवीतच. भावंड असेल तर तीन. मामा, आत्या, आजोबा, कोणीही चालेल, पण त्या भावंडाचा दिवस त्याच्या स्वतःच्या मोठ्या माणसासोबत स्वतंत्रपणे पार पडला पाहिजे. दरवेळी दादासाठी राइड सोडून निघणाऱ्या धाकट्या बहिणीच्या मनात काय साठत जाते, ते मी पाहिलेले आहे.

वॉटर पार्क पहिल्या भेटीत टाळावे. तिथे सुती कपडे सहसा चालत नाहीत, नायलॉनचा घट्ट पोशाख लागतो, क्लोरीनचा वास आणि छपरांखाली घुमणारा कोलाहल यांची भर पडते. पुढे कधी जायचे झाल्यास तो पोशाख घरी बादलीतले पाणी अंगावर घेताना आठवडाभर रोज थोडा वेळ घालून पाहावा.

भार वाढत असल्याच्या खुणा

तहान आणि लघवी मुलाला कळेल यावर विसंबू नये. घड्याळ लावून दर अर्ध्या तासाने पाणी आणि दर दीड तासाने स्वच्छतागृह. दर राइडनंतर किमान पंधरा मिनिटे शांत जागी बसणे. ही विश्रांती मूल खूश असतानाही द्यावी, कारण भार साचत जातो आणि तो दिसू लागतो तोवर उशीर झालेला असतो. कान लाल होणे, टाचा उचलून चालणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, गुणगुणणे वाढणे, बोलणे एकदम कमी होणे या खुणा ओळखाव्यात. एक खूण विशेष फसवी आहे: काही मुले असह्य झाले की जोरजोरात हसतात. आजूबाजूचे म्हणतात, ‘किती मजा येतेय त्याला!’ पण डोळ्यांत हसू आहे का, ते आईवडिलांनी पाहावे.

तरीही बांध फुटलाच, तर तो हट्ट नव्हे हे आधी स्वतःला सांगावे. हट्ट मागितलेली वस्तू मिळाली की थांबतो, हे तसे थांबत नाही. अशा वेळी बोलणे जवळजवळ बंद करावे, प्रश्न विचारू नयेत, समजावू नये. एका मोठ्या माणसाने मुलाला कडेला, सावलीत, भिंतीच्या आडोशाला न्यावे किंवा तिथेच त्याच्याभोवती जागा करावी, आणि दुसऱ्याने लोकांकडे तोंड करून उभे राहावे. दाब आवडत असेल तरच जवळ घ्यावे. ‘लाडावून ठेवलाय’ असे कोणी म्हटले, तर ‘त्याला ऑटिझम आहे, थोडी मोकळी जागा द्या’ एवढेच म्हणावे. वाद घालायला त्या क्षणी आपल्याकडे लक्ष उरलेले नसते. शांत झाल्यावर मूल थकलेले असते. दिवस तिथेच संपवावा. ‘अजून एकच राइड’ असे म्हणू नये.

मूल हरवण्याची शक्यताही लक्षात घ्यावी. भडक रंगाचा शर्ट घालावा, सकाळीच त्या कपड्यांतला फोटो फोनमध्ये काढून ठेवावा, हातावर पेनाने फोन नंबर लिहावा. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना पाण्याची ओढ असते, म्हणून मूल दिसेनासे झाले तर सर्वांत आधी पाण्याच्या जागा शोधाव्यात आणि त्याच वेळी दुसऱ्याने सुरक्षारक्षकाला कळवावे.

निघताना

पहिल्या भेटीत आत चार तास पुरे. संध्याकाळची मिरवणूक, रंगीत दिवे आणि मोठे संगीत सुरू होण्याआधी बाहेर पडावे. शेवटची राइड कोणती, हे चित्रगोष्टीच्या शेवटच्या पानावर आधीच ठरवलेले असावे आणि ती संथ असावी. पंधरा, दहा आणि पाच मिनिटे उरली असताना घड्याळ किंवा कार्ड दाखवावे. बाहेरच्या वाटेवर भेटवस्तूंचे दुकान असेल तर एकच वस्तू, एवढ्याच किमतीची, हेही घरूनच ठरवून यावे.

दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. शाळा नाही, पाहुणे नाहीत, जेवणात नेहमीचा वरणभात. संध्याकाळी मूल स्वस्थ झाल्यावर वही उघडावी आणि कुठे किती वेळ थांबलो, काय हवे होते, काय नको झाले, कोणत्या खुणेनंतर किती मिनिटांनी त्रास सुरू झाला, हे आठवणीत ताजे असतानाच लिहून काढावे. पुढच्या चित्रगोष्टीची पाने त्याच नोंदींवरून करावीत. आमच्या दुसऱ्या गोष्टीचे पहिले पान फिरत्या घोड्यांचे होते आणि त्याखाली ‘इथे आपण पाऊण तास बघतो’ असे लिहिले होते.